बाईच्या रक्तातले निळे ठिपके

"आधी दाराला कडी लाव," रांगणेकर मॅडम म्हणाल्या.

लावली. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडून आठवडा झाला होता. बाहेर भागवत ढाकणे कुणाला तरी चकली घ्या म्हणून आग्रह करत होता आणि त्याचा बीडकडचा खणखणीत आवाज बंद दारातूनही येत होता. मॅडमनी तो कान देऊन ऐकला. मग माझ्या संगणकाकडे वळल्या.

"हं. आता परत सांग. आणि हळू बोल."

"मॅडम, रक्त बाईचं आहे. पण त्यातल्या ह्या पेशी पुरुषाच्या आहेत."

पडद्यावर हजारो करडे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक पेशी. त्यातले दहा-बारा मी निळे केले होते, कारण त्यांच्यात वाय गुणसूत्रावरची जनुकं चालू होती. वाय गुणसूत्र फक्त पुरुषात असतं, हे शाळेतलं पोरही सांगेल.

आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डेंग्यूची साथ आली की घरोघरी प्लेटलेटचे आकडे सांगितले जातात. त्या प्लेटलेट येतात कुठून? हाडांतल्या मज्जेत रक्ताच्या मूळपेशी असतात. मूळपेशीने अजून काही ठरवलेलं नसतं; ती लाल पेशी होईल, पांढरी होईल, नाहीतर प्लेटलेट बनवणारी होईल. तिसऱ्या वाटेला लागली, की आजवर गप्प असलेली तिची काही जनुकं बोलू लागतात आणि बोलणारी गप्प होतात. पेशी फुगत फुगत अवाढव्य होते. शेवटी तिचेच बारीक तुकडे सुटतात आणि प्लेटलेट म्हणून रक्तात निघून जातात. ह्या वाटेवर कुठलं जनुक कधी तोंड उघडतं, हे आम्ही एकेका पेशीत वाचत होतो. थोड्या मूळपेशी रक्तातही फिरत असतात; त्या घेऊन भागवत वाढवायचा, मी, म्हणजे तृप्ती शिरोळे, त्यांचं बोलणं संगणकावर वाचायची, आणि मॅडम आम्हा दोघांवर संशय घ्यायच्या.

हसू नका, खरंच सांगते. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर त्या पेनाने रेघ मारून ठेवत, थेंबभर कमी झालं तरी कळावं म्हणून. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये. "विश्वास देवावर ठेवावा, पिपेटवर नाही," असं म्हणायच्या. आणि त्यांचा एक नियम तर मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. पेशी हाताळणारा पुरुष असेल तर रक्त बाईचं घ्यायचं, आणि हाताळणारी बाई असेल तर पुरुषाचं. का? तर त्याने आपला घोळ झाकायला दुसरं काही मिसळलं, तर जनुकंच चुगली करतील. बायकांचं रक्त भागवत कधी मिसळणार? त्याने मिसळलंच तर स्वतःचं मिसळेल, असा हिशेब. सापळाच म्हणा ना. इतकी वर्षं त्यात उंदराचं पिल्लूही सापडलं नव्हतं.

आणि आता सापडलं होतं.

"ढाकणे," मॅडम पुटपुटल्या. "तरी मला वाटतच होतं."

"काय वाटत होतं?"

"सुट्टीत पेशी मेल्या असणार. मग साहेबांनी भर घातली."

"पण मॅडम, भर घातली असती तर सगळ्याच पेशी पुरुषाच्या निघाल्या असत्या. ह्या तर दहा-बारा आहेत."

"दुधात पाणी घालणारा अख्खी किटली पाण्याने भरतो का?" त्या म्हणाल्या. "थोड्या कमी पडल्या असतील, तेवढ्या घातल्या. तू कुणापाशी बोलू नकोस. त्याच्यावर नजर ठेव."

म्हणजे मी हेर. चांगली नोकरी लागली, म्हटलं.

पण खोटं कशाला बोलू, कुशंका माझ्याही मनात शिरली होती. सुट्टीच्या आधी मी जाताना बघितलं होतं, पेशींच्या इन्क्युबेटरला जोडलेल्या गॅसच्या सिलिंडरचा काटा पार तळाला टेकला होता. तो गॅस संपला की पेशी गेल्याच म्हणून समजा. आणि सुट्टीनंतर येऊन बघते तर काटा वर! सिलिंडर नवा! किल्ली मॅडमकडे, मॅडम भाऊबीजेसाठी सुट्टीभर माहेरी सावंतवाडीला. मग बदलला कुणी?

दुपारी कॅन्टीनमध्ये मी भागवतच्या समोर जाऊन बसले. त्याने चकलीचा डबा पुढे केला.

"घ्या ताई. आईनं केल्यात. लई खुसखुशीत."

"दिवाळी गावालाच का रे?"

"मग? दुसरीकडं कुठं?"

"लक्ष्मीपूजनाला होतास का घरी?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. चकलीचा तुकडा मोडला, परत डब्यात ठेवला.

"होतो की."

"अरे, तो सिलिंडर कुणी बदलला, माहीत आहे का? सुट्टीआधी संपत आलेला."

"मॅडमनीच बदलला असंल."

"मॅडम सावंतवाडीला होत्या."

"मग आपोआप भरला असंल," असं म्हणून तो हसला. पण ते हसू ओठांवरच राहिलं. "ताई, तुम्ही सीआयडीत कधी लागलात?"

तो डबा तसाच टाकून उठला. आईने केलेल्या चकल्या टाकून उठणारा माणूस नव्हता तो.  चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

संध्याकाळी जाऊन मॅडमना सिलिंडरचं सांगितलं. सांगताना जीभ जड झाली, कारण मला माहीत होतं, मॅडमनी वर एक ओळ लिहिली की भागवतची पीएचडी गेली, आणि नुसती इथली नाही. पेशींत भेसळ केली असा शिक्का बसलेल्याला देशातली कुठलीच प्रयोगशाळा दारात उभी करत नाही. घरची पाच एकर कोरडवाहू सोडून घरातला पहिलाच मुलगा एवढा शिकलेला. पण सांगितलं. न सांगून काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी त्याला खोलीत बोलावलं. मला थांबायला सांगितलं, साक्षीला.

"ढाकणे, सुट्टीत तू इथे आला होतास."

भागवतने माझ्याकडे एकदा बघितलं. ती नजर मला अजून आठवते. मग मान हलवली. "आलतो."

"किल्ली कुठून मिळाली?"

"ते विचारू नका मॅडम."

"मी विचारतेय."

"आन् मी सांगत नाही. ज्यानं दिली त्याची नोकरी जाईल. माझ्यावर घ्या काय ते." त्याचा आवाज चढला, मग त्यानेच खाली आणला. "गॅस संपत आलता. गावाला पोचलो, पण जेवण जाईना. तुम्हाला फोन लावले, लागंनात. मग रात्रीची एसटी धरली, आलो, सिलिंडर बदलला अन् गेलो. आईनं ओवाळायचं ताट तसंच ठिवलं होतं."

"आणि पेशींना हात लावला नाहीस?"

"नुसतं बघितलं. जित्या होत्या."

"मग ह्या काय आहेत?" मॅडमनी कागदावर छापलेलं चित्र त्याच्यापुढे सरकवलं. निळे ठिपके.

भागवतने ते चित्र हातात घेतलं. त्याला समजायला वेळ लागला नाही, तो ह्या कामात माझ्यापेक्षा मुरलेला होता. त्याचे कान लाल झाले.

"म्हंजे मी माझं रक्त घातलं म्हणता?"



त्याने शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात टेबलावर आदळला. "घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या. जुळलं तर मी स्वतः राजीनामा लिहून देतो. अन् नाही जुळलं तर?"

"तर बघू," मॅडम म्हणाल्या.

"बघू नाही मॅडम. सांगा."

पण त्या सांगायला तयार नव्हत्या. संशय घेणाऱ्या माणसाला आपलं चुकेल असं कधी वाटतच नाही. नर्सला बोलावून रक्त घेतलं. भागवतला पेशींच्या खोलीत जायची बंदी झाली. त्याची रवानगी बाहेरच्या बाकावर. मॅडम स्वतः पेशींची देखभाल करू लागल्या. निकाल यायला काही दिवस लागणार होते, आणि त्या दिवसांत तो बाकावर बसून फक्त एकच गोष्ट विचारायचा, तीही मॅडम दारातून बाहेर पडल्या की.

"पेशींचं खाद्य बदललं का मॅडम?"

"बदललं."

"कोमट करून घातलं ना? गार नको."

मॅडम उत्तर न देता पुढे जायच्या. मी मान खाली घालून टाइप करत बसायची.

निकाल आला. निळ्या ठिपक्यांतला पुरुष भागवत नव्हता! कुठल्याही अंगाने नव्हता. मी एवढ्या जोरात "हुश्श" केलं, की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावला. मग म्हटलं, थांब बाई, आनंद नंतर कर. आधी सांग, आहे कोण? आमच्या फ्रीजरमध्ये ज्या ज्या पुरुषाचं रक्त कधी आलं होतं, त्या सगळ्यांशी ताडून बघितलं. एकाशीही जुळेना. आता मला माझ्याच कामावर शंका यायला लागली. हा पुरुष आला कुठून? भूत आहे का?

आणि मग, दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून, मी त्या पेशी ज्या बाईचं रक्त होतं तिच्याशीच ताडून बघितल्या. मला ती कोण हे माहीत नव्हतं. रक्तदात्यांची नावं फक्त मॅडमना माहीत असत. आम्हाला नुसतं 'निरोगी स्त्री, वय पन्नाशीपुढे' एवढंच.

जुळलं. पण अर्धं. जिथे जिथे बघावं तिथे एक वाटा त्या बाईचा, दुसरा वाटा कुणा दुसऱ्याचा. एकाही जागी चुकत नव्हतं. असं नातं आई आणि मुलातच असतं.

मी जागची उठले. बायोलॉजीच्या पुस्तकात कधीतरी वाचलेलं आठवलं: दिवस गेले की पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि कधी कधी वर्षानुवर्षं तिथेच नांदतात. म्हणजे भेसळ झालीच नव्हती. ते निळे ठिपके त्या बाईच्याच अंगात होते, कित्येक वर्षं.

धावतच मॅडमच्या खोलीत शिरले. कडी मी स्वतःच लावली.

"मॅडम, चोर सापडला. आणि तो चोर नाहीच!"

मग भडाभडा सगळं सांगितलं. मॅडम मान वर न करता ऐकत होत्या. मी शेवटी म्हटलं, "म्हणजे ह्या बाईला मुलगा आहे. झालं, सुटला भागवत!"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"काय नाही?"

"तिला मूल नाही."

"तुम्ही विचारलं होतं का?"

"नाही म्हणून सांगते ना."

एवढं ठामपणे? मला राग आला. इतके दिवस एका निरपराध माणसाला बाकावर बसवलं, आता पुरावा समोर आहे तरी ह्यांचा संशय जात नाही. मी तडकले.

"मग ती बाई खोटं बोललीय मॅडम. लग्नाआधीचं काहीतरी दडवलं असेल. असतात अशा. तुम्ही सगळ्या जगावर संशय घेता, मग तिच्यावरच का नाही घेत?"

मॅडमनी चष्मा काढला. टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते; डोळे लहान दिसत होते, आणि थकलेले.

"सातव्या महिन्यात गेलेलं असलं, तरी राहतात का पेशी?" त्यांनी विचारलं.

"राहतात. जन्म व्हायलाच हवा असं नाही. दिवस गेलेले पुरे."

"आणि... मुलगाच? नक्की?"

"नक्की मॅडम. वाय आहे ना."

"मुलगा," त्या म्हणाल्या. परत म्हणाल्या, "मुलगा होता."

तेव्हा मला कळलं. आणि कळल्याबरोबर मी मघाशी काय बोलले तेही आठवलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते रक्त त्यांचं स्वतःचं होतं. इतर कुणा बाईच्या रक्तावर विश्वास नव्हता त्यांचा, म्हणून त्यांनी आपलंच दिलं होतं.

मी खाली बसले.  

त्याच बोलल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी गेलेली. एके दिवशी हालचाल थांबली. डॉक्टर आले, सगळं झालं, पण ते रडलं नाही. मी उठून बघायला लागले, तर आईने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. बघू नकोस म्हणाली. बघितलंस तर माया लागेल, मग तू उठणार नाहीस. वडील आणि काका घेऊन गेले. मुलगा होता की मुलगी, एवढं तरी सांग म्हटलं, तर म्हणाली, आता काय करायचंय विचारून? सगळ्यांना शपथ घातली. शपथ काय ती, सगळ्यांनी मरेपर्यंत पाळली."

"तुम्ही नंतर कधी विचारलं नाही?"

"ह्या भाऊबीजेला भावाला विचारणार होते. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याला माहीत असणार. ओवाळलं, साडी घेतली, परत आले." त्यांनी नाक ओढलं. "जगात प्रत्येकाची उलटतपासणी केली गं मी. ही एक गोष्ट विचारायची छाती झाली नाही."

मला रडू आवरेना. त्यांनीच पर्समधून रुमाल काढून दिला, आणि देता देता किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. तो त्यांनी उचलला, हातात धरून बसल्या.

"ते निळे ठिपके कुठे आहेत सगळे? मुळाशी की टोकाला?"

"टोकाला. प्लेटलेटच्या वाटेवर. बहुतेक एकाच मूळपेशीची पिल्लं असावीत."

"म्हणजे काम करतोय," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. करतोय."

त्या उठल्या, चष्मा लावला, पदर सारखा केला. "मी आहे तोवर हे ह्या खोलीबाहेर जाता कामा नये, तृप्ती." मॅडमना जाऊन आता दोन वर्षं होतील. म्हणून आज सांगतेय.

त्या बाहेर गेल्या, मी मागोमाग. भागवत बाकावरून उठून उभा राहिला. चेहरा पडलेला, जणू आता फाशीचा हुकूम येणार.

"ढाकणे, चूक माझी होती," मॅडम म्हणाल्या. "तुझा काहीही संबंध नव्हता. मी तुझी माफी मागते."

भागवत गोंधळला. माफी मागणाऱ्या मॅडम त्याने कधी बघितल्याच नव्हत्या, आणि बघितल्या तर काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. "असू द्या मॅडम," तो म्हणाला. "पण मग त्या पेशी कुणाच्या होत्या?"

"त्या बाईच्याच."

"बाईच्या? अन् वाय?"

"ते तृप्ती सांगेल तुला, सांगण्यासारखं झालं की." मग त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून प्रयोगशाळेची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "ही तुझ्याकडे राहू दे. परत कुणाला चोरून मागावी लागू नये. आणि ज्याने दिली होती, त्याचं नाव मला नको."

भागवतने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मी त्याची माफी नंतर, चार चकल्या फुकट खाऊन मागितली, पण ती वेगळी गोष्ट.

"त्या रक्तातल्या उरलेल्या पेशी अजून आहेत ना?" मॅडमनी विचारलं.

"आहेत की. तुम्हीच खाद्य घालत होतात."

"मला दाखव."

भागवत कित्येक दिवसांनी त्या खोलीत शिरला. इन्क्युबेटर उघडला, आधी गॅसचा काटा बघितला, मग तबकडी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, भिंग फिरवून चित्र स्पष्ट केलं. "आता छान मोठ्या झाल्यात मॅडम. ह्या बघा, ह्या प्लेटलेट सोडणाऱ्या. सुतासारखी शेपटं काढायला लागल्यात."

मॅडम स्टुलावर बसल्या. मी त्यांच्या मागे उभी होते. नुसत्या डोळ्यांनी ह्यातली कुठली पेशी कुणाची, हे कुणालाही सांगता आलं नसतं, त्यांनाही नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी चष्मा वर सरकवला आणि दोन्ही डोळे भिंगांना लावले.

बराच वेळ झाला. तबकडी फार वेळ बाहेर ठेवायची नसते, म्हणून भागवत चुळबुळू लागला. हा नियम मॅडमनीच त्याला शिकवला होता.

"मॅडम, काही शोधताय का?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. डोळे तिथून काढले नाहीत. "बघू दे मला जरा."